‘लँकी’ म्हणजे काटकुळा की उंचापुरा?

शहाद्याहून एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आहे. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी एका स्थानिक दैनिकासाठी इंग्रजी क्रीडा-बातम्यांचे मराठी करते. एका बातमीत ‘लँकी पेसर’ असे शब्द आले. तिने ‘काटकुळा वेगवान गोलंदाज’ असे लिहिले, उपसंपादकांनी ‘काटकुळा’ खोडून ‘उंचापुरा’ केले. तिला विचारायचे आहे की दोघांत बरोबर कोण, हा शब्द कौतुकाचा की हिणवण्याचा, मुलीसाठी वापरता येतो का, आणि गँगली, लेगी, रेंजी हे याच कुळातले शब्द असतील तर ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे. जळगावात इंग्रजी शिकवण्यात आणि भाषांतरे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा शब्द या ना त्या रूपात दर वर्षी समोर येतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

बेटा, दोन्ही शब्द हुकले आहेत आणि विरुद्ध बाजूंना हुकले आहेत. ‘काटकुळा’ या शब्दात उंची कुठेच नाही. पाच फुटांचा माणूस काटकुळा असू शकतो, दहा वर्षांचे पोरही असू शकते. शिवाय त्यात अशक्तपणाची छटा आहे. काटकुळ्या माणसाकडे पाहून वाटते, याच्या अंगाला काही लागत नसावे. ताशी एकशे चाळीस किलोमीटर वेगाने चेंडू टाकणाऱ्याला हे विशेषण लावले की वाचक अडखळतो. ‘उंचापुरा’मध्ये उंची आली, पण तो ‘पुरा’ आडवा येतो. उंचापुरा म्हणजे उंचीला साजेसे अंग भरलेला, छाती आणि खांदे रुंद असलेला, चारचौघांत दबदबा वाटावा असा. लँकी माणसाच्या अंगात नेमका हा भरीवपणा नसतो. म्हणजे उपसंपादकांच्या दुरुस्तीने अर्थ उलटा फिरला. तुझ्या शब्दाने निदान अर्धे चित्र धरले होते.

बहुतेक शब्दकोश ‘उंच व सडपातळ’ किंवा ‘उंच व किडकिडीत’ एवढे देऊन थांबतात. परीक्षेत तेवढे लिहिले तर गुण मिळतात, पण बातमी किंवा गोष्ट लिहिताना ते पुरत नाही. लँकी म्हणताना इंग्रजी बोलणाऱ्याची नजर आधी हातापायांकडे जाते. धडाच्या मानाने हात लांब, पाय लांब, मनगटे बाहीच्या बाहेर आलेली, कोपर-गुडघे उठून दिसणारे आणि या सगळ्यावर मांस बेताचेच. उंची त्यात धरलेलीच असते, बारीकपणाही असतो, पण ते दोन्ही एकत्र येऊन हातापायांची लांबी डोळ्यांत भरली पाहिजे. धड लांब आणि पाय आखूड असा उंच माणूस कितीही बारीक असला तरी त्याला लँकी म्हणवत नाही.

अब्राहम लिंकन हे याचे फार चांगले उदाहरण. त्यांची उंची सहा फूट चार इंच, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांत सर्वांत जास्त. पण त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की खुर्चीवर बसले की ते इतर माणसांएवढेच दिसत. त्यांची जादा उंची सगळी पायांत होती, ती उभे राहिल्यावरच कळे. लिंकनविषयी लिहिताना इंग्रजी लेखकांना हा शब्द इतका जवळचा का वाटतो, ते यावरून समजते. मी विद्यार्थ्यांना हीच कसोटी सांगतो: ज्याच्याविषयी लिहितो आहेस तो माणूस बसल्यावर किती उंच दिसतो, याचा विचार कर. बसल्यावर तो चारचौघांसारखा आणि उठल्यावर एकदम डोक्यावर गेलेला असेल, तर लँकी हा शब्द बिनदिक्कत वापर.

आता गोलंदाजाकडे येऊ, कारण मराठी वाचकाला हा शब्द सर्वांत जास्त क्रिकेटमधूनच भेटतो. वेस्ट इंडिजचा जोएल गार्नर सहा फूट आठ इंच, कर्टली ॲम्ब्रोज सहा फूट सात इंच. आपल्याकडे जवागल श्रीनाथ आणि नंतर इशांत शर्मा. इशांतच्या नावामागे तर हे विशेषण कायमचे चिकटले. 2008च्या जानेवारीत पर्थच्या कसोटीत एकोणीस वर्षांच्या या पोराने रिकी पाँटिंगला ज्या षटकांत सतावले, त्या दिवसापासून ते 105 कसोटी आणि 311 बळींपर्यंत इंग्रजी वार्ताहर त्याला लँकीच म्हणत राहिले. यात हिणवणे अजिबात नव्हते. उंची जास्त आणि हात लांब असला की चेंडू उंचावरून सुटतो आणि उंचावरून सुटलेला चेंडू त्याच टप्प्यावरून जास्त उसळतो. ज्या चेंडूवर फलंदाज एरवी पुढे सरसावला असता, तो बरगड्यांवर येतो. ॲम्ब्रोजने 1993 मध्ये पर्थलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका धावेत सात बळी घेतले, त्यामागे कौशल्य होतेच, पण ती उंची आणि ते लांब हातही होते. म्हणून क्रीडा-बातमीत लँकी लिहिणारा वार्ताहर नुसते रूप सांगत नसतो, हा गोलंदाज उसळी का मिळवतो याचे कारणही त्या एका शब्दात देऊन जातो. भाषांतरात हातापायांची लांबी गाळली तर ते कारणही गळते.

इथे कुणी ‘काटक’ सुचवील. काटक आणि काटकुळा हे कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण एक स्तुती आहे आणि दुसरा दोष. काटक माणूस बारीक असतो आणि न थकणारा असतो. इंग्रजीत त्याला वायरी म्हणतात. तो बुटकाही चालतो. आपल्या भागात उन्हातान्हात दिवसभर कपाशी वेचणारी कितीतरी माणसे काटक असतात, पण ती लँकी असतातच असे नाही. तेव्हा काटक हा शब्द मोहात पाडणारा असला तरी इथे तो बसत नाही.

गँगली आणि गँगलिंग हे दोन्ही एकच समज. लँकीच्या ते सर्वांत जवळचे, आणि म्हणूनच सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फरक हालचालीत आहे. लँकी माणूस स्थिर उभा असतानाही लँकी दिसतो. गँगली कळतो तो चालताना, वळताना, चहाचा कप उचलताना. हातपाय लांब आहेतच, पण ते अजून त्याच्या ताब्यात आलेले नाहीत. पाय बाकाला लागतो, कोपर शेजाऱ्याला लागते, हात कुठे ठेवावे हे कळत नाही. लँकीमध्येही थोडा अवघडलेपणा सुचतो, काही कोशांनी तो शब्दाच्या अर्थामध्येच धरलेला आहे, पण संदर्भ तसा नसेल तर तो मागे राहतो. गँगलीमध्ये तो नेहमी पुढे असतो. म्हणून नावाजलेल्या गोलंदाजाला लँकी म्हणतात आणि नववीतल्या मुलाला गँगली.

नववीतला मुलगा मी उगाच घेतला नाही. वयात येताना शरीर सगळीकडे सारखे वाढत नाही. आधी तळहात-तळपाय वाढतात, मग हातपाय, आणि धड सर्वांत शेवटी. मुलींमध्ये ही झपाट्याची वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास टोकाला पोहोचते, मुलांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी. मधला काळ असा असतो की पाय मोठ्या माणसाचे आणि छाती लहान पोराची. मेंदूला जुन्या लांबीच्या हातांची सवय असते, म्हणून पेला लवंडतो, पाय अडखळतो. गँगली हा शब्द या वयाला इतका चपखल बसतो तो त्यामुळेच. आपल्याकडे या अवस्थेसाठी एकच विशेषण नाही, पण निरीक्षण मात्र पक्के आहे. अहिराणी बोलणारी आजी सुट्टीत आलेल्या नातवाकडे पाहून म्हणते, ‘पोऱ्याना निस्ता हातपायच वाढी राह्यनात.’ म्हणजे पोराचे नुसते हातपायच वाढताहेत. गँगलीचे याहून चांगले मराठी मला कुठल्याही कोशात सापडलेले नाही. या वाक्यात उंची नाही, वजन नाही, फक्त हातपाय आहेत, आणि ‘निस्ता’ या एका शब्दात बाकीचे अंग मागे राहिल्याची कबुली आहे. गोष्टीचे भाषांतर करताना मूळ पात्र प्रेमाने बोलत असेल तर असेच वाक्य लिही. विशेषणाला विशेषणच द्यायला हवे असा नियम नाही.

लेगी आणि रेंजी समजून घ्यायला तुला लांब जायला नको. शहाद्यापासून जवळच, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आईला चिकटून उभे असलेले लहान शिंगरू पाहा. घोड्याच्या पिलाचे पाय जन्मतःच जवळजवळ पूर्ण लांबीचे असतात, शरीर मात्र एवढेसे. जन्मल्यावर तास-दोन तासांत त्याला उभे राहायचे आणि आईबरोबर पळायचे असते, म्हणून निसर्गाने पाय आधी देऊन ठेवले आहेत. त्या शिंगराला इंग्रजीत लेगी म्हणतात. लेगीमध्ये फक्त पाय येतात, हातांचा संबंध नाही. म्हणून तो प्राण्यांना सहज लागतो: शिंगरू, वासरू, उंटाचे पिलू. आता त्याच बाजारात पूर्ण वाढ झालेला, लांब पायांचा, पोट आवळलेला, अंगावर चरबी नसलेला आणि मैलोन् मैल दौडेल असा मारवाडी घोडा पाहा. तो रेंजी. हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ दूरवर हिंडणे, भटकणे. अमेरिकेत मोकळ्या माळांवर फिरणाऱ्या गुराघोड्यांसाठी तो रूढ झाला आणि मग माणसांना लागला. रेंजीमध्ये ताकद आणि दम दोन्ही गृहीत आहेत, म्हणून तो बहुतेक वेळा कौतुकाचा असतो. लांब टांगांच्या शिकारी कुत्र्यालाही तो शोभतो, मुधोळच्या कुत्र्याला तर अगदी.

शेतीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण यावल-रावेरकडची मुले रोपवाटिकांविषयीचे इंग्रजी मजकूर वाचतात. तिथे लेगी सीडलिंग्ज असा शब्दप्रयोग येतो. उजेड कमी पडला किंवा रोपे दाटीने राहिली की ती उजेडाच्या शोधात नुसती वर वाढतात, दोन पानांतले अंतर वाढते, खोड बारीक राहते आणि लागवडीनंतर मान टाकते. मिरची-टोमॅटोच्या रोपांत हे नेहमी दिसते. इथे लेगीचे मराठी ‘लांब पायांची रोपे’ असे करू नये. ‘नुसती उंच वाढलेली, बारीक खोडाची रोपे’ असे लिहिले की शेतकऱ्याला लगेच कळते. स्पिंडली हा शब्दही रोपांना लागतो, पण त्यात मोडेल की काय अशी भीती जास्त आहे. टेबलाच्या बारीक पायांनाही स्पिंडली म्हणतात. लँकी मात्र मुख्यतः माणसांचा शब्द आहे. तो बुरुजाला, खांबाला किंवा इमारतीला लावू नये.

मुलीसाठी वापरता येतो का, हा तुझा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्याकरणाची हरकत काहीच नाही. व्हॉलिबॉल किंवा बास्केटबॉल खेळणारी पंधरा वर्षांची उंच मुलगी लँकी असू शकते, आणि इंग्रजी लेखक तसे लिहितात. पण तो शब्द सौंदर्याचा नाही. ‘माझी बहीण लँकी आणि सुंदर आहे’ असे वाक्य निबंधात आले की मी ‘आणि’वर खूण करतो, कारण इंग्रजी कानाला तिथे ‘तरीही’ अपेक्षित असते. कौतुक करायचे असेल तर स्लेंडर आहे, स्लिम आहे, आणि उंच, लवचिक, डौलदार बांध्यासाठी विलोई आहे. विलो नावाच्या झाडाच्या लवत्या फांद्यांवरून तो आला. मराठीत त्याला शेलाटा बांधा हे फार जवळचे. उंच आणि भरीव, रुबाबदार बाईसाठी स्टॅच्युएस्क असतो, तिथे आपले ‘उंचीपुरी’ बरोबर बसते. लेगीपासून मात्र सावध राहा. घोड्याच्या पिलाला निरागस असलेला हा शब्द बाईला लावला की रोख तिच्या पायांच्या आकर्षकपणाकडे जातो. सिनेमाच्या गप्पांच्या पानांवर तो सर्रास दिसतो, पण एखाद्या खेळाडू मुलीच्या बातमीत तो येऊ देऊ नये असे माझे ठाम मत आहे. मूळ इंग्रजीत असला तरी मराठीत ‘उंच’ एवढेच लिही. त्याने बातमीचे काही बिघडत नाही.

कौतुक की हिणवणे, याचे उत्तर आता सोपे झाले. रेंजी, स्लेंडर, विलोई हे कौतुकाच्या बाजूला. स्किनी, स्क्रॉनी, गॉन्ट हे दुसऱ्या बाजूला. त्यांत स्किनी आपल्या लुकड्यासारखा, स्क्रॉनी मरतुकड्याच्या जवळ जाणारा, आणि गॉन्ट तर आजाराने किंवा उपासमारीने गाल बसलेल्या माणसासाठी. लँकी मध्यभागी. तो स्वतः बाजू घेत नाही, बोलणाऱ्याच्या सुराची बाजू घेतो. तरीही एक पथ्य पाळ. आपल्याकडे ‘ए लंबू’, ‘अरे लंबूटांग्या’ असे तोंडावर म्हणतात, आणि मित्रमंडळीत त्यात आपलेपणा असतो. ती सवय घेऊन मुले इंग्रजीत परक्या माणसाला ‘यू आर सो लँकी’ म्हणून बसतात. इंग्रजीत समोरच्याच्या शरीरावर असे बोलणे उद्धटपणाचे ठरते, शब्द कितीही सौम्य असला तरी. गैरहजर माणसाचे वर्णन करायला तो चालतो: पोलिसांना हुलिया सांगताना, कथेत पात्र उभे करताना, बातमीत खेळाडूची ओळख देताना.

शब्दाचा पूर्वेतिहासही जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्याने एक नेहमीचा गोंधळ सुटतो. मूळ शब्द लँक. जुन्या इंग्रजीत तो बारीक, सैल, आत गेलेल्या अंगासाठी होता. पुढे तो केसांनाही लागला आणि आज लँक हेअर म्हणजे सरळ, चपटे, डोक्याला चिकटून लोंबणारे निर्जीव केस. लँकी हाही सतराव्या शतकात केसांसाठी वापरलेला आढळतो. हातापायांचा आजचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात पक्का चिकटला. आता कामे वाटली गेली आहेत: केस लँक, माणूस लँकी. जाहिरातीचे भाषांतर करताना लँक हेअरचे ‘लांब केस’ झालेले मी पाहिले आहे. तेलाची किंवा शांपूची जाहिरात त्यामुळे अगदी उलट बोलू लागते. गँगलिंगचे मूळ स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत आहे. तिथे गँग म्हणजे चालणे, जाणे. टोळी या अर्थाचा गँगही त्याच मुळातून, एकत्र चालणारे म्हणून. गँगली हे रूप पुढे अमेरिकेत झाले. या शब्दाचे मूळच चालण्यात आहे, म्हणून गँगलीमध्ये हालचाल दिसते हे लक्षात ठेवायला सोपे जाते.

भुसावळच्या रेल्वेवाल्या घरांतल्या मुलांनी इंग्लंडमधल्या जुन्या रेल्वेविषयी वाचताना मोठ्या अक्षराने सुरू होणारा लँकी पाहिला तर चक्रावून जाऊ नये. तो वेगळाच शब्द आहे. लँकशर या परगण्याच्या नावाचे ते लाडके लघुरूप. तिथल्या बोलीला लँकी म्हणतात, आणि लँकशर अँड यॉर्कशर रेल्वेलाही लोक लँकीच म्हणत. लांब हातापायांशी त्याचा काही संबंध नाही. श्रीलंकेच्या खेळाडूला लंकन म्हणतात तोही अर्थात वेगळा. घाईत टाइप करताना या दोघांची गल्लत झालेली मी छापून आलेली पाहिली आहे.

उच्चारात ‘लॅ’ आखूड, त्यापुढे पंकजमधल्यासारखा ङ, मग ‘की’. ‘लंकी’ म्हटले तर ऐकणाऱ्याला कळत नाही. तुलनेची रूपे लँकिअर आणि लँकिएस्ट, मोअर लावायची गरज नाही. नामापुढे तो वयाच्या आधी येतो: ‘अ लँकी यंग बोलर’, उलट क्रम कानाला खटकतो. ‘टॉल, लँकी’ अशी जोडी इंग्रजीत इतकी रुळली आहे की तिला द्विरुक्ती म्हणून कापू नये. उंची गृहीत असूनही वाचकाला पायरी मिळते, आधी उंच, मग कसा उंच. फ्रेम, बिल्ड, फिगर, लिंब्ज यांच्याबरोबर तो जमतो. फेसबरोबर कधीच नाही, कारण चेहऱ्याला हातपाय नसतात. लांबट, ओढलेल्या चेहऱ्यासाठी वेगळे शब्द आहेत.

शब्दाच्या कक्षेबाहेरची एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगाविशी वाटते. लँकी हे वर्णन आहे, निदान नाही. बहुतेक लांब हातापायांची मुले अगदी निरोगी असतात. पण पसरलेल्या हातांच्या टोकांमधले अंतर उंचीपेक्षा स्पष्ट जास्त, बोटे विलक्षण लांब आणि बारीक, छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली, नजर फार अधू अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावे. मार्फन सिंड्रोम नावाचा आनुवंशिक विकार असतो. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फन यांनी 1896 मध्ये लांब हातापायांच्या एका लहान मुलीचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडले. सुमारे पाच हजारांत एकाला तो असतो. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी कमकुवत असू शकते. अमेरिकेची व्हॉलिबॉलपटू फ्लो हायमन 1986 मध्ये जपानमध्ये सामना सुरू असताना कोसळली आणि गेली. तिला हा विकार होता हे मृत्यूनंतर कळले. वेळेवर तपासणी आणि औषधोपचार मिळाले तर अशी माणसे आज दीर्घ आयुष्य जगतात. शाळेत उंच मुलगा दिसला की त्याला संघात घेण्याची घाई करणाऱ्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे माहीत असावे.

मराठीत काय लिहायचे, ते संदर्भावर ठरते. कथेत तटस्थ वर्णन असेल तर ‘उंच, लांब हातापायांचा’ हे सुरक्षित आणि पुरेसे. जागा कमी असेल, मथळा असेल, तर ‘शिडशिडीत उंच’. शिडशिडीत या शब्दात चपळपणा आहे, रोगटपणा नाही, म्हणून तो मला किडकिडीतपेक्षा नेहमी जवळचा वाटतो. चेष्टेचा सूर असेल, मित्र मित्राविषयी बोलत असेल, तर लंबूटांग्या. ‘ताडमाड’ फक्त उंची दाखवतो, आणि तीही अतिशयोक्तीने, तेव्हा सहा फूट दोन इंचांसाठी तो खर्च करू नये. पात्र खेड्यातले असेल आणि बोलणारा खानदेशी असेल तर वाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, उपमा तोंडात येईल. पण पऱ्हाटी कंबरेच्या थोडी वर जाते, ती वाळलेपण दाखवते, लांबी नाही. त्यामुळे ती लुकड्या माणसासाठी राखून ठेव. आणि जिथे इंग्रजी लेखकाने लँकी एकदाच वापरून पुढे त्या माणसाच्या हातापायांचे काहीतरी करून दाखवले आहे, उदाहरणार्थ तो दारातून वाकून आत येतो, किंवा खाटेवर त्याचे पाय बाहेर लोंबतात, तिथे मराठीत विशेषण गाळले तरी चालते. कृती तेच सांगत असते.

आता तुझे वाक्य. मूळ इंग्रजीचा आशय असा होता की लँकी पेसरने गुड लेंग्थवरून मोठी उसळी मिळवून डावखुऱ्या फलंदाजांना सतावले. तुझ्या मसुद्यात ‘चांगल्या लांबीवरून’ असेही आले आहे, तेही बदल. लेंग्थ म्हणजे इथे टप्पा, आणि मराठी समालोचन ऐकणारा वाचक तोच शब्द ओळखतो. शिवाय तू लांबी टप्प्याला दिलीस आणि हाताची काढून घेतलीस, ती परत हाताला दे: ‘उंच, लांब हातांच्या या वेगवान गोलंदाजाने अचूक टप्प्यावरूनही चेंडू छातीपर्यंत उसळवला आणि डावखुऱ्या फलंदाजांना जखडून ठेवले.’ पाय इथे मुद्दाम सोडले आहेत, कारण त्यांची लांबी ‘उंच’मध्ये आलीच. उपसंपादकांना शब्दसंख्या जास्त वाटली तर ‘उंच, शिडशिडीत वेगवान गोलंदाज’ एवढे ठेवा आणि हात पुढच्या वाक्यात आणा. त्यांना ‘उंचापुरा’ का नको ते समजावून सांग, म्हणजे उद्या एखादा खरोखर उंचापुरा, रुंद खांद्यांचा गोलंदाज आला की तो शब्द त्याच्यासाठी शिल्लक राहील.